चेहरा राहू द्या, आधी आजीला बसवा

प्रश्न थोडक्यात असा: सोलापुरात पूर्व भागात असलेल्या आजोळच्या घराची छोटी प्रतिकृती या ताईंनी केली आहे, एक इंचाला एक फूट या मापानं. पुढच्या खोलीत माग, आत चूल, दारात तुळस. आता त्यात बिड्या वळणारी आजी आणि मागावरचे आजोबा हवेत. चार आज्या करून झाल्या. चेहरे भुतासारखे येतात, नऊवारी छत्रीसारखी फुगते आणि बसवली की आजी मागे कलंडते. चेहरा सुधारायला कुठली माती आणि कुठली हत्यारं घेऊ, असं त्या विचारतात.

ताई, चारही फोटो मोठे करून पाहिले. चेहरे तुम्हाला वाटतात तितके वाईट नाहीत. तिसऱ्या आजीचं नाक तर छानच जमलंय. बिघडलंय ते मानेखाली. तुमची आजी बसलेली नाही, तिला कुणीतरी ठेवलंय. बघणाऱ्याला ते लगेच खटकतं, पण नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, मग सगळा दोष चेहऱ्यावर जातो. मी गेली १८ वर्षं या बाहुल्या करतेय आणि पहिली ५ वर्षं मीही हेच केलं. डबा भरून चेहरे केले, एकालाही धड खांदे नव्हते. म्हणून मातीचं नंतर बोलू.

आपली अडचण अशी की या कामाची पुस्तकं नि व्हिडिओ सगळे तिकडचे, परदेशातले. १:१२ हे मापही, म्हणजे तुमचं इंचाला फूट, तिकडेच रूढ झालं. ज्या लुटियन्सनी नवी दिल्ली आखली, त्यांनीच १९२१ ते १९२४ मध्ये इंग्लंडच्या राणी मेरीसाठी बाहुलीघर रचलं, तेही याच मापात. आज ते विंडसरच्या किल्ल्यात आहे. तिकडची बाहुली उभी असते, नाहीतर खुर्चीत बसते. पाठीला खुर्चीचा आधार, पायांवर लांब झगा, काम सोपं. आपली माणसं जमिनीवर बसतात. मांडी घालून, उकिडवी, एक गुडघा उभा करून, भिंतीला टेकून. यातलं काहीच त्या नमुन्यांत नसतं. नमुना बाजूला ठेवा आणि पट्टी हातात घ्या.

आजीची उंची ४ फूट १० इंच धरा. म्हणजे उभी बाहुली सव्वाबारा सेंटीमीटर. माणूस बसला की जमिनीपासून डोक्यापर्यंत उभ्या उंचीच्या निम्म्याहून थोडा जास्त भरतो, म्हणजे इथे साडेसहाच्या आत. वयानं पाठ वाकलेली, तेव्हा सहाच धरा. तुम्ही फोटोत पट्टी ठेवली हे फार बरं केलंत, कारण त्यावर आजी साडेसात भरतेय. ही पावणेसहा फुटी पैलवानाची बैठक झाली! फरक दीडच सेंटीमीटरचा हो, पण १:१२ मध्ये एक सेंटीमीटर म्हणजे खऱ्या माणसाचे १२.

बाकीची मापं एका कागदावर लिहून समोर चिकटवा. डोकं हनुवटीपासून टाळूपर्यंत १८ मिलिमीटर. हात मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १४. पाऊल १९. डोळ्याचं बुबुळ १ मिलिमीटर, फक्त एक. तुमच्या आज्यांचे डोळे मोजा, भुतं का वाटतात ते तिथेच कळेल.

आता सांगाडा. रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याची इनॅमलची तार वजनावर मिळते, मोटारीत भरतात ती. कण्यासाठी २० गेज दुहेरी पीळ घालून, हातापायांना २२ चालते. फुलवाल्यांची हिरवी तार घेऊ नका, दोनदा वाकवली की तिसऱ्यांदा तुटते. तारेला मऊ सुती चिंधीची अर्धा सेंटीमीटर रुंद पट्टी गुंडाळत जायची, पोटऱ्यांवर जास्त, घोट्यावर कमी. डोकं-मान, कोपरापर्यंतचे हात आणि गुडघ्यापर्यंतचे पाय एवढंच मातीचं. मधलं सगळं चिंधीचं, म्हणजे भाजून झाल्यावरही बैठक बदलता येते. कमरेखाली एक लहान पुरचुंडी शिवून तिच्यात सायकलच्या बेअरिंगचे सात-आठ छर्रे भरा आणि बूड खालून चपटं करा. कलंडणं तिथेच थांबेल.

पण तार वाकवायच्या आधी बिड्या वळणाऱ्या बाईसमोर तासभर बसून या. सोलापुरात अशी बाई शोधायला लांब जावं लागत नाही. माझ्या मागच्या गल्लीतल्या मावशींकडे मी विचारून बसले होते आणि तोवर केलेल्या माझ्या तीन बिडीवाल्या त्याच रात्री मोडल्या. काय काय चुकलं होतं सांगते. मी त्यांना दोन्ही बुडांवर सारखा भार देऊन बसवलं होतं. मावशींचा सगळा भार उजवीकडे, डावा गुडघा उभा, आणि डाव्या पायाचा अंगठा सुपाच्या काठाला टेकलेला, सूप सरकू नये म्हणून. पाठीला बाक होता, पण तो कमरेतून नव्हता, खांद्यांच्या मधून होता. कोपरं अंगाला चिकटलेली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्या बिडीकडे बघतच नव्हत्या. पान कापणं, जर्दा पसरणं, वळणं, दोरा गुंडाळणं, सगळं बोटं आपापली करत होती आणि नजर दारात, रस्त्यावर, नातवाच्या मागे. मी मात्र माझ्या बाहुल्यांच्या माना खाली घालून त्यांना बिडीत बघायला लावलं होतं. शाळेतल्या हस्तकलेच्या तासाला बसल्यासारख्या दिसत होत्या बिचाऱ्या.

तेव्हा आजीची मान वर करा आणि दाराकडे किंचित वळवा. एवढं केल्यावर चेहरा आहे तसाच राहिला तरी ती आजी वाटायला लागेल. करून बघा, तिसरीवरच करा.

साडीकडे वळू. तुम्ही हिशोब अगदी चोख केलाय. नऊ वार म्हणजे ८.२३ मीटर, बारानं भागून साडेअडुसष्ट सेंटीमीटर, पन्हा दहाच्या आत. तेवढंच कापड घेतलंत आणि आजीची छत्री झाली. कारण लांबी-रुंदी बारानं भागली जाते, जाडी जात नाही. बाहुलीला नेसवलेलं साधं मलमलही तिच्या मानानं घोंगडीएवढं जाड. त्यामुळे खरी नऊवारी खऱ्यासारखी नेसवायचीच नाही, नेसल्याचा भास करायचा. मी तीन तुकडे करते. पहिला तुकडा पायांभोवती घट्ट, कासोट्यासकट, सरळ चिंधीच्या अंगावर टाके घालून शिवलेला. दुसरा निऱ्यांचा, चार-पाच घड्या पुष्कळ झाल्या. आजी बसलेली असल्यानं त्यातल्या दोनच दिसतात. तिसरा पदर, कमरेपासून छातीवरून डोक्यावर. तिन्ही मिळून लांबी तीस सेंटीमीटरच्या आत बसते.

कापड जितकं जुनं तितकं चांगलं. बाळाची धुऊन धुऊन विटलेली दुपटी, पणजीच्या पातळाचा फाटका भाग. आपल्याकडे गणवेशाच्या कारखान्यांतून कटिंगच्या चिंध्या पोत्यानं मिळतात, त्या फुकट दिल्या तरी आणू नका. ते कापड ताठ राहतं, अंगावर नीट पडत नाही. सिंथेटिक शिफॉनही नको, ते पातळ असतं पण अंगावरून उडतं. इरकल करायची असेल तर काठ खरा तीन इंच धरून इथे सहा मिलिमीटरचा. रिबन लावली की जाड कडी होते, म्हणून दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून पातळ ॲक्रिलिकनं काठ रंगवा आणि वर एकेरी रेशमी धाग्याच्या दोन रेघा घाला. खणाच्या चोळीला खरा खण वापरायचा मोह सगळ्यांना होतो. त्यावरची वेलबुट्टी या मापात ताटाएवढी दिसते. साधं गडद रेशमी कापड घ्या, काठाशी एक टाका पिवळा, बघणारा त्याला खणच म्हणतो.

नेसवायच्या आधी एक वाटी फेविकॉलला चार वाट्या पाणी घालून त्यात कापड बुडवा, पिळा, ओलंच अंगावर बसवा. बाहुली प्लास्टिक गुंडाळलेल्या थर्माकोलवर ठेवून प्रत्येक घडी टाचणीनं खाली ओढून टोचा. कापडाला या मापात स्वतःचं वजन नसतं, ते आपण टाचणीनं द्यायचं. रात्रभर वाळू द्या. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये दोन तास पुरतात, हा एक फायदा.

आणि हा तोटा. पॉलिमर क्ले उन्हाळ्यात मागवू नका. ही माती म्हणजे मुळात पीव्हीसी आणि ते मऊ ठेवणारं तेलकट द्रव्य. ती वाळत नाही, उष्णतेनं पक्की होते. मे महिन्यात ४२-४३ अंशांत पार्सल गोदामात किंवा टपावर चार दिवस पडलं की पाकिटातच ती अर्धवट धरते. मी एकदा सहा पाकिटं अशी मागवली. आली ती शेंगदाण्याच्या चिक्कीसारखी, दाबली की भुगा. विक्रेत्यानं हात वर केले. दोन पाकिटं बेबी ऑइलचे थेंब घालून मळून मळून वाचवली, बाकीच्यांचे दगड झाले, ते अजून माझ्या बाहुलीघराच्या परसात पडलेत. दिवाळीनंतर मागवा आणि माठाजवळच्या कपाटात ठेवा.

एकदम पैसे घालायचे नसतील तर फेविकॉल, कॉर्नफ्लोअर, थोडं व्हिनेगर आणि चमचाभर बेबी ऑइल मंद आचेवर घोटून घरचा गोळा करता येतो. सुपं, भांडी, भाकऱ्या यांना तो उत्तम. चेहऱ्याला मी वापरत नाही. वाळताना तो आकसतो, आणि आपल्या कोरड्या हवेत वरचा थर आधी वाळून फटी पडतात. वापरलात तर ओल्या फडक्याखाली वाळवा आणि डोकं थोडं मोठं घ्या.

भाजताना ओव्हनच्या बटणावर विश्वास ठेवू नका. ओव्हनचा थर्मामीटर आत ठेवा. फिमो नावाची माती ११० अंशांना अर्धा तास, स्कल्पी कंपनीची प्रीमो १३० ला, दर सहा मिलिमीटर जाडीला अर्धा तास. पाकिटावर लिहिलेलं असतं तेच पाळायचं. डोक्याच्या आत ॲल्युमिनियम फॉइलचा घट्ट गोळा ठेवला की माती पातळ राहते, तडा जात नाही. फरशीच्या तुकड्यावर ठेवून वरून फॉइलचा तंबू करा, नाहीतर नाकाचा शेंडा आधी करपतो. जळाली तर खिडक्या उघडून बाहेर जा, पीव्हीसीचा धूर छातीला वाईट. ज्या ओव्हनमध्ये केक करता त्यात हे भाजू नका. मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच.

आता तुमचा चेहरा. डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर येतात, वर नाही. दोन डोळ्यांमध्ये एका डोळ्याएवढी जागा. कान भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत. हे तीन नियम तुम्ही पाळलेत तर अर्धं काम झालं. म्हातारपण मात्र सुरकुत्यांनी येत नाही. तुम्ही सुईनं रेघा ओढल्यात, त्या मांजरानं ओरबाडल्यासारख्या दिसतात. आधी हाडं बदला. दात गेलेले, म्हणून ओठ आत, हनुवटी जरा पुढे आणि नाकाच्या जवळ. कानाच्या पाळ्या लांबलेल्या, कुड्यांनी भोक ओघळलेलं. डोळ्यांच्या खोबणी खोल, गालाखाली खळगा. हे सगळं अंगठ्यानं नि मोत्याच्या टाचणीच्या डोक्यानं होतं. मग चेहऱ्यावर पातळ प्लास्टिकचा तुकडा ताणून धरा आणि त्याच्यावरून सुईच्या बोथट बाजूनं मोजक्या पाच-सहा रेघा दाबा. प्लास्टिकमुळे रेघेच्या कडा गोल होतात, ती कातडीची घडी दिसते. हत्यारांचं म्हणाल तर पेन्सिलीच्या मागे खोचलेली सुई, क्रोशाची सुई, आणि दाताच्या डॉक्टरांकडून मागून आणलेलं एक जुनं हत्यार. माझं सगळं दुकान एवढंच.

रंगाबद्दल एक सांगायलाच हवं. पाकिटावर ‘कातडीचा रंग’ म्हणून येतो तो गुलाबी असतो, तो आपला नव्हे. त्यात तपकिरी, थोडी गेरूसारखी तांबूस आणि अगदी वाटाण्याएवढी पिवळी माती मिसळा. गडद करायला काळा घालू नका, माणूस आजारी दिसतो. भाजल्यावर रंग थोडा गडद होतो, म्हणून आधी एक गोळी भाजून बघा. तळहात एक छटा उजळ. कोपरं, बोटांचे सांधे, टाचा यांवर कोरड्या पेस्टल खडूची भुकटी मऊ ब्रशनं भाजण्याआधीच लावा. डोळ्यांतला पांढरा रंग शुभ्र नको, त्यात पिवळसर थेंब घाला. वरच्या पापणीची एक गडद रेघ, आणि सगळ्यात शेवटी सुईच्या टोकानं एक चमक. वार्निश फक्त डोळ्यांना. हातावर गोंदण असेल तर हिरवट-निळा रंग पाण्यासारखा पातळ करून ठिपके द्या, जुनं गोंदण कधीच ठळक नसतं.

केसांना माणसाचे खरे केस लावलेत ना? ते काढा. आपला केस या मापात पाऊण-एक मिलिमीटरच्या दोरीसारखा दिसतो आणि वाकतही नाही. पांढरा रेशमी धागा पीळ उलगडून, कंगव्याच्या बारीक दातांनी विंचरून घ्या. त्यात दोन-चार करड्या धाग्यांची भर घाला. भांगापासून मागे पातळ थर चिकटवत जा, अंबाडा वेगळा करून शेवटी. डोक्यावर पदरच असेल तर पुढचा दोन सेंटीमीटरचा भाग केला की झालं, आत कोण बघतंय!

सूप खरं दीड फुटाचं, म्हणजे इथे पावणेचार सेंटीमीटर. बिडी साधारण सहा मिलिमीटर. खऱ्या तेंदूच्या पानाच्या शिरा या मापात जाड दिसतात. मी कांद्याचं सुकं साल वापरते, रंगही बरोबर येतो. पंचवीसच्या एका बंडलाला माझी एक अख्खी संध्याकाळ जाते, तेव्हा तुम्ही दोनच बंडलं करा आणि सुपात बाकी नुसती पानं पसरा.

चादरीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण फोटोत कॉटवर टॉवेलचा तुकडा दिसतोय म्हणून सांगते. सोलापूरच्या घरात चादर चुकली तर बाकी सगळं व्यर्थ. ६० बाय ९० इंची चादर इथे ५ बाय साडेसात इंच येते. खऱ्या चादरीचा तुकडा कापून घालू नका, एकच फूल अख्ख्या कॉटभर पसरेल. पुठ्ठ्याच्या दोन कडांना इंचाला वीस-बावीस खाचा करून शिवणाचा जाड सुती दोरा ताणा आणि गोधडीच्या सुईनं हातानं विणा. मधे एकरंगी, दोन्ही टोकांना पट्टे, पट्ट्यात पायऱ्यापायऱ्यांचे चौकोन. जॅकार्डची, म्हणजे मागावर विणलेल्या फुलापानांची, नक्कल करायला जाऊ नका. जमत नाही, मी तीन वेळा जाऊन आलेय. शेवटी दशा मोकळ्या सोडा आणि ओली करून घडी घालून वजनाखाली ठेवा. टॉवेलचे लूपही मोठे दिसतात, टॉवेलला जुनं फ्लॅनेल बरं.

एक सूचना घरच्यांसाठी. हे लहान मुलांना खेळायला द्यायचं नाही. छर्रे, टाचण्या, सहा मिलिमीटरच्या बिड्या, सगळं तोंडात जाण्याजोगं आहे. त्यांना भातुकली वेगळी द्या.

राहिले आजोबा. त्यांच्याबद्दल तुम्ही फक्त “मागावर बसलेले” एवढंच लिहिलंय आणि माग फोटोत अर्धाच दिसतोय. तो हातमाग होता की यंत्रमाग? यंत्रमाग असेल तर ते बसलेले नसणार, उभे असणार, एक हात मागावर आणि कान तुटलेल्या धाग्याकडे. मग पोटऱ्या, पावलं, बनियनचा घेर सगळं करावं लागेल. खड्ड्याचा हातमाग असेल तर पाय खड्ड्यात जातात, कमरेपासून वरचेच आजोबा पुरतात आणि तुमचं निम्मं काम वाचतं. फक्त हातातला धोटा, म्हणजे आडवा धागा नेणारं साधन, नीट करा. घरात कुणाला तरी आठवत असेल. विचारून कळवा, म्हणजे त्यांच्या खांद्यांची मापं देते.